उत्सव हक्कांचा, काम सतरंज्यांचे

शाळेत उत्सव ठरला की पहिली धाड पडते ती चित्रकलेच्या मास्तरावर. कमान त्याने रंगवायची, फलक त्याने लिहायचे, पताकांसाठी खळ त्याने शिजवायची, आणि पाहुण्यांचे नाव अशुद्ध पडले तर बोलणीही त्यानेच खायची. मी असा एक मास्तर आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. चित्रकलेची पदविका आणि रात्री जागून लिहिलेल्या चार कादंबऱ्या, एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावात वीस वर्षे काढली. तेव्हा नीतीच्या प्रश्नावर मी लेखणी उचलावी हे कोणाला आगाऊपणाचे वाटले तर त्यात नवल नाही. परंतु हा प्रश्न मी ग्रंथातून काढलेला नाही. सतरंज्या झटकताना तो धुळीबरोबर उठला, आणि अजून खाली बसलेला नाही.

२०२३ साली मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये अठ्ठेचाळीस राष्ट्रांनी त्याच्या बाजूने मत दिले. विरुद्ध एकानेही दिले नाही, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. हे निमित्त साधून आमच्या शाळेने तीन दिवसांचा मानवी हक्क महोत्सव भरवला आणि त्याची सगळी व्यवस्था आठवी-नववीच्या मुलांवर सोपवली. पुढे तो प्रघातच पडला. पहिला महोत्सव आटोपल्यावर वर पाठवायच्या अहवालाचा एक छापील नमुना आला. त्यात एक रकाना होता : 'विद्यार्थ्यांना झालेला लाभ'. आमच्या सहकाऱ्यांनी त्यात लिहिले, नेतृत्वगुण, संघभावना, सभाधीटपणा. लिहिणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, पण मला हसू आले. ही तिन्ही फळे मुलांना वनभोजनातही मिळतात. क्रिकेटच्या सामन्यात मिळतात, आणि चार घरची माती गोळा करून अंगणात दिवाळीचा किल्ला बांधताना तर खात्रीने मिळतात. मग हक्कांच्या उत्सवात राबून वेगळे असे काय मिळाले? की काहीच नाही?

वाचकहो, आपल्याकडे उत्सव भरवण्याची कला मुलांना शिकवावी लागत नाही. लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सव चव्हाट्यावर आणला, तेव्हापासून वर्गणी, पावतीपुस्तक, मांडव आणि आभारप्रदर्शन हे सारे मराठी पोराच्या रक्तातच उतरले आहे. पण गणेशोत्सवात आणि या उत्सवात एक फरक मला पहिल्या दिवसापासून जाणवला. गणपतीबाप्पा मखरात बसले म्हणजे कार्यकर्त्यांच्या वागणुकीबद्दल काही बोलत नाहीत. त्यांचे डोळे मोठे, पण मन उदार. इथे मखरात जी गोष्ट बसवली होती ती मात्र सारखी कार्यकर्त्यांकडेच बोट दाखवत होती.

कामांच्या वाटणीपासून याची सुरुवात झाली. ध्वनिक्षेपक, मांडव आणि पैसे मुलांकडे. रांगोळी, औक्षण, चहा आणि पाहुण्यांना गुलाबपुष्प मुलींकडे. यादी कोणी जुलमाने केली नव्हती. मुलांनीच एकत्र बसून केली, आणि कोणाला त्यात खटकलेही नाही, इतकी ती आपल्या हाडीमांसी खिळली आहे. जाहीरनाम्याची तीस कलमे आम्ही तीस फलकांवर लिहीत होतो. कलम दोनचा फलक नववीतल्या एका मुलीकडे आला. भेदभाव कोणताही असू नये, वंशाचा नको, भाषेचा नको, स्त्री-पुरुष असा नको, असे ते कलम. तिने ते निळ्या रंगात सुरेख लिहिले, ब्रश पाण्यात बुडवला आणि मला म्हणाली, "सर, हे लिहायचं पण आम्हीच, आणि मग रांगोळी काढायला जायचं पण आम्हीच का?"

मी हो-नाही काही म्हणालो नाही. यादी फळ्यावरच होती. संध्याकाळपर्यंत ती तीनदा पुसली गेली. सातवीपासून उत्कृष्ट रांगोळी काढणारा एक मुलगा वर्गात होता, हे त्या दिवशी प्रथम उजेडात आले. तोवर तो ती फक्त घरी काढत असे, दार लावून.

पहिल्या कलमावरून तर तास रंगला. जाहीरनाम्याच्या मूळ इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. मसुदा करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसाबेन मेहता होत्या. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द आले. हे सांगितल्यावर एका मुलाने मोठ्या तोऱ्यात म्हटले, "मराठीत ही भानगडच नाही, सर. आपण बाईमाणूसच म्हणतो. म्हणजे बाई माणसात धरलेली आहे." यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, "धरलेली आहे रे, पण म्हणताना 'बाईमाणसाने गप्प बसावं' एवढंच म्हणतात." भाषाशास्त्राचा एवढा चांगला पाठ मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

असे प्रश्न भाषण ऐकून पडत नाहीत का? पडतही असतील. पण श्रोत्याला एक सोय असते. त्याने टाळ्या वाजवल्या की त्याचा आणि विषयाचा हिशेब चुकता होतो. ज्याला खुर्च्या मांडायच्या असतात त्याला ही सोय नाही. त्याला खुर्ची कुठेतरी ठेवावीच लागते, आणि ती ठेवली की पुढे कोण आणि मागे कोण हे ठरून जाते. 'सर्व समान' हे वाक्य तोंडाने म्हणणे सोपे आहे. पहिल्या रांगेत खुर्च्या बाराच मावतात.

आमच्या आठवीत कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा होता. आवाज खणखणीत, म्हणून पहिले कलम त्याने वाचावे असे एकमताने ठरले. रंगीत तालमीच्या दिवशी लक्षात आले की व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत, आणि त्याही उंच. चार दांडगे मुलगे लगेच पुढे झाले. "आम्ही उचलतो त्याला!" तो म्हणाला, "उचलू नका." एवढेच. रागावून नाही, रडून नाही. मग मुलांनी सुतारकाम करायचे ठरवले, फळ्या आणल्या, पण उतार इतका उभा झाला की त्यावरून धडधाकट मुलगाही घसरला. शेवटी एका मुलीने सुचवले, "तो वर जात नाही, तर माईकच खाली आणू या." आणि त्या वर्षी सगळ्यांनीच खाली, जमिनीवर उभे राहून भाषणे केली. प्रमुख पाहुण्यांना ते फारसे रुचले नाही, कारण छायाचित्रात मागचा पडदा आला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपल्याकडे आहे, आणि त्यात सोयीसुविधांविषयी बरेच काही लिहिलेले आहे. परंतु त्या मुलांना उमगलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत नव्हती. त्या मुलाला वर नेणे आणि सभा त्याच्यापाशी आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना हातात फळी धरून कळले. यातली पहिली दया आहे. दुसरीला काय म्हणावे ते मला नीट सांगता येत नाही, पण ती दया नव्हे.

प्रदर्शनात एक दालन महाडचे होते. इतिहासाच्या पुस्तकात महाडला एक वाक्य मिळते : २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. परीक्षेला ते पुरते. पण आमच्या मुलांनी त्याच आठवड्यात पाण्याचे जार, पेले, चहा यांचा खर्च वहीत मांडलेला होता, म्हणून त्यांनी महाडकडे सत्पुरुषाच्या चरित्रासारखे न पाहता व्यवस्थापकाच्या नजरेने पाहिले. एवढी माणसे आली, तर ती जेवली काय? प्यायली काय? या प्रश्नाला उत्तर आहे. परिषदेला लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेले आहे. तळे गावात होते. ते अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, आणि त्याआधी १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता. कागदावर पाणी होते, पेल्यात मात्र ते चाळीस रुपयांचे होते. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा मांडवाला जागाही कोणी देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. हे सारे जमवण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, अवघ्या चोविशीतले. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ चा मार्च उजाडला.

आमचा खजिनदार, एक अबोल मुलगा, हे ऐकून आपली वही उघडून बसला. त्याने पाण्याच्या रकमेखाली रेघ मारली आणि विचारले, "सर, त्यांनी चाळीस रुपये कोणत्या सदराखाली लिहिले असतील?"

मला उत्तर देता आले नाही. पण हा प्रश्न निबंधस्पर्धेत पहिला आलेल्या मुलाला सुचला नसता, हे मी पैजेवर सांगतो.

इथे एका आक्षेपाला सामोरे जायला हवे, कारण तो आमच्या शिक्षकखोलीत दर वर्षी निघतो आणि आपल्या फराळाच्या ताटांभोवतीही निघत असेल. 'मुलांना हक्क कसले शिकवता? आधी कर्तव्ये शिकवा.' या म्हणण्यामागे मोठे पाठबळ आहे. १९४७ साली युनेस्कोचे ज्युलियन हक्सले यांनी हक्कांबद्दल विचारणा केली, तेव्हा महात्मा गांधींनी लहानसे उत्तर धाडले. हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी जे स्वतःला लावून घेतले ते आपण दुसऱ्याला लावतो, तिथे मात्र घोटाळा होतो. महाडला जमलेल्या लोकांनी कोणते कर्तव्य करायचे ठेवले होते? गाव झाडणे, मेलेली ढोरे ओढणे, सांगावा पोचवणे, सगळी कर्तव्ये पिढ्यान्‌पिढ्या पार पाडून झाली होती. त्यातून पाण्याचा एक घोटही निघाला नाही. म्हणून मला वाटते, कर्तव्य आधी की हक्क आधी हा वाद मुलांपुढे ठेवण्यात अर्थ नाही. काम करताना त्यांना जे दिसते ते याहून साधे आहे. एकाचा हक्क प्रत्यक्षात यायचा तर दुसऱ्या कोणालातरी उठावे लागते, फळी आणावी लागते, जागा द्यावी लागते, कधी आपली खुर्ची मागे न्यावी लागते. आणि कोणीच उठले नाही तर तो हक्क फलकावर निळ्या रंगात सुरेख राहतो.

पण माझी खरी अडचण निराळीच आहे. मुलांना काय लाभ झाला, हे विचारणे तरी सभ्यपणाचे आहे काय? ज्यांचे हक्क पायदळी गेले त्यांच्या दुःखाचा मांडव घालायचा आणि त्यातून आपल्या मुलांनी शहाणे व्हायचे, ही एक प्रकारची चैन नाही का? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने सांगून ठेवले आहे. कांट मी वाचलेला नाही, पण हे एवढे कोणा शहाण्या माणसाला ग्रंथ उघडण्याची गरज पडू नये.

हा पेच आमच्या मुलांपुढे असा आला. गावच्या गटारात उतरून काम केलेल्या एका सफाई कामगाराने अनुभव सांगावेत, अशी कल्पना निघाली. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ पासून कायद्याने बंदी आहे. २०१३ चा कायदा त्याहून कडक आहे. तरीही माणसे गटारात उतरतात आणि काही वर येत नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तीन मुले त्यांच्या घरी गेली. गृहस्थांनी बसायला पाट दिला, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळांनो, बोलायला नका बोलवू. मी काय सांगायचं? वासाबद्दल? ऐकायला बोलवत असाल तर येतो."

मुले परत आली ती विचारात पडून. निमंत्रणपत्रिका दोनशे छापल्या होत्या. त्या सगळ्या प्रतिष्ठितांना गेल्या होत्या. वक्ता म्हणून, म्हणजे दाखवण्याची वस्तू म्हणून, त्यांना बोलवायला आम्ही सारे उत्सुक होतो. श्रोता म्हणून त्यांचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते. एका मुलीने रात्री बसून हाताने पत्रिका लिहिली, कडेला वेलबुट्टी काढली, आणि त्यांच्या नावामागे 'श्रीयुत' घातले.

ते दुसऱ्या दिवशी पत्नीसह आले, इस्त्रीचा सदरा घालून. तिसऱ्या रांगेत बसले. प्रमुख वक्त्यांच्या भाषणाला पाऊण तास झाला तेव्हा त्यांना झोप लागली. पहाटे चारला कामावर जाणाऱ्या माणसाला दुपारी दुसरे काय व्हायचे? मुले कुजबुजू लागली. एकाने उठवायला जायचे म्हटले. तेव्हा तीस फलकांत रात्री घालवलेली ती निळ्या रंगाची मुलगी म्हणाली, "राहू दे. कलम चोवीस." चोविसावे कलम विश्रांतीच्या हक्काचे आहे.

तीन दिवसांतले हे मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

सगळ्यांनाच काही मिळते असे मात्र नाही. प्रमाणपत्रावर डोळा ठेवून येणारे असतात. बिल्ला लावून मिरवणारे आणि सतरंज्या उचलायच्या वेळी घरी आजी आजारी पडणारे असतात. एका वर्षी सर्वांत जास्त राबलेल्या मुलीचे नाव आभारांतून राहिले, आणि ज्याने काहीच केले नाही त्याचे दोनदा आले. जगाची ओळख म्हणून तेही वाईट नाही.

आता सध्या जे चालले आहे ते सांगतो. महोत्सवाच्या तीन दिवसांत पाहुणे येतात म्हणून मुलींचे स्वच्छतागृह उघडे, धुतलेले, बादली-तांब्यासह सज्ज असते. एरवी त्याला कुलूप असे, कारण 'मुली घाण करतात'. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे, आणि ते आमच्याकडे होते. किल्ली कुठे असावी याबद्दल परिशिष्ट काही म्हणत नाही. गेल्या डिसेंबरात महोत्सव संपला, कुलूप पुन्हा लागले, आणि चौथ्या दिवशी सकाळी अकरा मुली कार्यालयाबाहेर उभ्या राहिल्या. घोषणा नाही, काही नाही. अर्ज होता, व्याकरणशुद्ध. पाहुण्यांसाठी उघडता येते ते आमच्यासाठी का नाही, एवढीच विचारणा. वडीलधाऱ्या मंडळींना राग आला. 'हेच शिकवलंत का?' असे मला विचारण्यात आले. हेच शिकवले, असे मी म्हणालो. महिन्याभराने किल्ली कार्यालयाबाहेरच्या खिळ्यावर आली, सुतळीने लाकडाचा तुकडा बांधून.

पण उघडे राहायचे तर स्वच्छही राहायला हवे. यंदा जूनमध्ये मुलांनीच पाळ्या लावल्या. मुलींचे मुलींनी आणि मुलांचे मुलांनी धुवायचे, हजेरीच्या क्रमाने, कोणाला सूट नाही. समतेचा याहून चोख नमुना कोणता? मीही खूष होतो. आठवड्याभरात एक पालक आले. त्यांची आधीची पिढी याच कामात गेलेली. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बाकीची पोरं हे काम नव्यानं शिकतायत. माझ्या पोराला ते शिकवायला नको. त्याच्या हाताला हे लागू नये म्हणून तर मी त्याला शाळेत घातला."

मी मुलांना बोलावून हे सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही, पण लहान गावात नाव घ्यावे लागत नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हणाला, त्याला पाळीतून वगळू. दुसरा म्हणाला, पाळ्याच बंद करू आणि उत्सवाचे जे अकराशे चाळीस रुपये उरलेत त्यातून माणूस लावू. खजिनदाराने वही न उघडता विचारले, "माणूस म्हणजे कोण? येणार त्यांच्यापैकीच ना कोणी?" त्यावरही उत्तर नव्हते. पगार नीट दिला तर? यंत्र आणले तर? सगळ्यांना सारखे काम दिले की सगळे सारखे होतात, हे जे गणित त्यांनी जूनमध्ये इतक्या झटपट सोडवले होते, ते पुन्हा फळ्यावर आले. एकाच झाडूने एकाच्या हाताला नवी गोष्ट कळते आणि दुसऱ्याच्या हाताला जुनी जखम लागते. यातून वाट कशी काढायची ते मला ठाऊक नाही. जे विद्वान समतेवर लिहितात त्यांनीही आमच्या त्या वर्गात एकदा येऊन बसावे, असे मात्र वाटते.

त्या मुलाला स्वतःला कोणी विचारलेच नाही, हे एका मुलीच्या ध्यानात आले. तिने मधल्या सुट्टीत विचारले. तो म्हणाला, "माझं नाव काढलंत तर का काढलं ते सगळ्यांना कळेल. ठेवलंत तर बाबांना वाईट वाटेल." आणि डबा खात राहिला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या शनिवारी पालकसभा आहे. व्यवस्था मुलांकडेच आहे. खुर्च्या या वेळी गोल मांडायच्या असे त्यांनी ठरवले आहे, आणि त्या पालकांकडे निमंत्रण घेऊन कोणी जायचे यावर अजून त्यांचे एकमत व्हायचे आहे.